धुतलेला पोंचो

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा विणकाम, हे पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला घरात कोणी उरलेलंही नाही.

१. राहतं घर आणि बँकेत असेल ते मुलीला. तिने घर विकलं तरी माझी हरकत नाही. पुढच्या खोलीचं छप्पर गळतं, हे घेणाऱ्याला आधी सांगावं.

२. कोपऱ्यावरच्या कापडवाल्याला माझ्या हातचा एकही पोंचो देऊ नये. गिरणीतला माल तो माझा म्हणून खपवतो. पोंचो म्हणजे एक चौकोनी कापड आणि मधोमध डोकं जाईल एवढी फट. बाह्या नाहीत, बटणं नाहीत. एवढ्या साध्या वस्तूतही त्या गृहस्थाने लबाडी करून दाखवली.

३. मोठा माग, चरखा आणि लोकरीची सगळी पोती माझ्या धाकट्या जावेला. कारण मुलीला ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

माझे यजमान टेलिफोनच्या तारा दुरुस्त करायला डोंगरावर जात. त्यांचा पोंचो या धाकट्या जावेने विणला होता. एकदा साहेबांबरोबर त्यांचा फोटो निघायचा होता आणि पोंचोला मेंढीचा वास येत होता. मी तो गरम पाण्यात साबण लावून दोनदा धुतला. लोकरीचं अंगचं तेल धुऊन गेलं की लोकर पाणी आत घेते, हे मला पक्कं माहीत होतं. फोटो झाल्यावर मी वरून तेल चोळणार होते. ते राहून गेलं.

पुढच्याच आठवड्यात यजमान डोंगरावर दोन दिवस पावसात अडकले. चिंब होऊन घरी आले, ताप चढला आणि नवव्या दिवशी गेले. धाकटीची वीण विरळ होती, असं लोक म्हणाले. मी गप्प बसले. तेव्हापासून तिच्याकडे कोणी पोंचो विणायला टाकला नाही. तिने माग मोडून लाकूड विकलं. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली.

तो पोंचो माझ्या ट्रंकेत आहे. ज्याला शंका असेल त्याने उजेडात धरून बघावा. वीण घट्ट आहे. तिच्याइतकी घट्ट वीण मला कधी जमली नाही.

हे लिहिताना मला रडू आलं नाही. तेव्हाही आलं नव्हतं.

४. माझ्यामागे तिसरं कलम सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं, त्यातला एक शब्दही गाळू नये. हे काम साक्षीला बसलेल्या डॉक्टरांकडे.

सही करण्याआधी डॉक्टरांनी सगळं वाचलं आणि चष्मा काढला. "तुमच्या जाऊबाई तर समोरच राहतात. आत्ताच बोलावू?"

"नको," मी म्हटलं. "मी गेल्यावर."

साक्षीदार : १. डॉक्टर (सही) २. निवृत्त पोस्टमास्तर, शेजारी (सही)

ठिकाण : मागाची खोली
तारीख : सात ऑक्टोबर, सकाळी साडेदहा
लिहून देणार : (सही)