उपाला उप नसतो

मी खाली सही करणारा, वय वर्षे तेवीस, शिक्षण पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत (कॉलेज मी सोडलं, कॉलेजने मला काढलं नाही, याची नोंद असावी), नोकरी नगर कार्यालयात विवाह निबंधकांचा उप, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. कोणी दम दिलेला नाही, कोणी गोड बोलून लिहवून घेतलेलं नाही. मनात राग आहे, पण तो माझा स्वतःचा आहे, आणि रागावलेल्या माणसाने मृत्युपत्र करू नये असा कायदा मला कुठे सापडला नाही. याआधीचं कुठलंही मृत्युपत्र नाही, तेव्हा रद्द करण्यासारखं काही नाही.

१. कारण. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. सोमवारी डॉक्टरांनी छातीवर यंत्र फिरवत बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आजच भरती व्हा. उद्या सकाळी ऑपरेशन."

"शनिवारी होतो."

"मी काय म्हणतोय ते कळतंय का? ही झडप कधीही दगा देईल. जिना चढताना, भांडताना, झोपेत."

"शुक्रवारी लग्न आहे."

"तुमचं?"

"नाही."

"मग घरच्या कुणाचं?"

"घरच्याही नाही. मी उप आहे."

 डॉक्टरांना पुढचं सांगायचा मला कंटाळा आला. इथे सांगतो, म्हणजे माझ्या माघारी कोणी तिखटमीठ लावायला नको.

२. पद. निबंधक आजारी पडला, बाहेरगावी गेला, किंवा लग्न त्याच्याच घरचं निघालं, तर त्याच्या जागी त्याचा उप बसतो. तेवढ्यापुरती उपाची सही ती निबंधकाची सही. उप कोण हे निबंधकानेच ठरवायचं, स्वतःच्या अक्षरात लिहून. नगरसभा नुसती मान डोलावते. मग ते पत्र महिनाभर फळ्यावर लागतं, कोणाची हरकत आली नाही की शपथ. उपाला मात्र आपल्या जागी दुसरा नेमता येत नाही. उपाला उप नसतो. त्याला खुर्चीही नसते. साहेब उठले की त्यांच्या खुर्चीत बसायचं, साहेब दारात दिसले की उठायचं. गादी त्यांच्या अंगाने कोमट असते तेवढी ऊब आपली.

शुक्रवारचं लग्न साहेबांच्या मुलीचं आहे. बाप म्हणून साहेबांना त्यावर सही करता येत नाही. हेडक्लार्कांना उप केलं असतं, पण ते तिचे सख्खे मामा, तेही बाद. राहिलो मी. नोटिशीचा महिना शुक्रवारी भरतो, त्याआधी लग्न लावता येत नाही. नवरा मुलगा जहाजावर इंजिनिअर आहे आणि त्याचं जहाज शनिवारी सुटतं. शुक्रवारी सही झाली तर बायको म्हणून ती बरोबर जाईल. नाही झाली तर तो वर्षभर एकटा जाईल. दुसऱ्या गावी करायचं म्हटलं तरी तिथे नव्याने महिन्याची नोटीस. म्हणजे तिच्या लग्नाची दोरी माझ्या हातात आहे, आणि माझी त्या झडपेच्या. मी शुक्रवारपर्यंत थांबायचं ठरवलं आहे. हे घरी कोणाला माहीत नाही. आईला मी "पित्त आहे" असं सांगितलं आहे.

३. माझी नेमणूक. मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते. माझी नजर उत्तम आहे, तरी माझ्याकडे चार चष्मे आहेत. चौथ्या वेळी ती म्हणाली, "शेवटची ओळ तू न बघता म्हणतोस. पाठ झालीय तुझी."

"मग पाटी बदला."

"पाटी नाही बदलत. गिऱ्हाईकं बदलतात."

मला वाटलं, हे प्रेमाचंच बोलणं. त्या दिवसांत साहेब मला दुकानातच भेटले. म्हणाले, "तुझं अक्षर सुरेख आहे, आवाज खणखणीत आहे. मला उप हवाय. परका हवा, पण घरच्यासारखा वागणारा." मी त्याच आठवड्यात कॉलेज सोडलं. साहेब म्हणाले, "विचार केलास का?" मी म्हणालो, "केला." काहीच केला नव्हता. मला वाटलं, बाप आपल्याला पारखतोय, आज हाताखाली, उद्या घरात.

नियमाची पुस्तिका मी शपथेनंतर वाचली. निबंधकाच्या नात्यात असलेला किंवा नात्यात येऊ घातलेला माणूस उप होऊ शकत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. हेडक्लार्कांनी खुलासा केला. आधीचे उप निवृत्त झाले आणि मुलगी लग्नाची झाली, तेव्हा साहेब त्यांना म्हणाले होते, तिच्या लग्नावर सही करायला परका माणूस आत्ताच बघून ठेवला पाहिजे. म्हणजे मला नेमलं तेव्हाच मी जावई होणार नाही हे पक्कं झालं होतं, आणि मी मात्र घरी पेढे वाटत होतो. साहेबांनी मला फसवलं नाही. त्यांनी मला विचारलंच नाही, आणि मी सांगितलंच नाही. तिला सांगितलं होतं, एकदा, दुकान बंद करताना. ती म्हणाली, "मला कळलंय ते. पण माझं नाही रे तसं." एवढंच. वाईट बोलली असती तर बरं झालं असतं.

४. घर. खालचं दुकान आणि मागची खोली दादाच्या नावावर आहे, ती त्याचीच. बाबांनी वरची खोली मला दिली. ती मी साहेबांच्या मुलीला देत आहे. आईने रागावू नये. आई, तुला जिना चढवत नाही, आणि दादा तिथे पत्र्याचे डबे भरून ठेवेल हे तुलाही ठाऊक आहे. हिचा नवरा वर्षातले बरेच महिने पाण्यावर असणार. सासर, माहेर दोन्हीकडे ती कोणाच्या तरी घरात असेल. बाईमाणसाच्या हातात एक किल्ली अशी असावी की ती फिरवून आत गेलं की कोणी विचारणार नाही, आज कशी काय आलीस. खोलीला खिडकी रस्त्याच्या बाजूने आहे, तिची कडी सैल आहे.

५. हत्यारं. बाबा कुलूपवाले होते. कानशी, चिमटे, किल्ल्या घासायचं छोटं यंत्र, सगळं दादाला. ते तसंही त्याच्याच हातात असतं. बाबा गेल्यावर दादा मला म्हणाला होता, "तू शिक, मी कुलपं बघतो." मी शिकलो नाही आणि कुलपंही बघितली नाहीत. दादा त्यावरून कधी एक शब्द बोलला नाही. बोलला असतास तर भांडता तरी आलं असतं, दादा.

६. मोटरसायकल दादाला. चढावर ती बंद पडते, तिला शिव्या घालाव्या लागतात. दादाला शिव्या येत नाहीत, शिकाव्यात.

७. बँकेत जे असेल ते आईला. त्यातून कोणाला जेवणावळी घालू नयेत. क्रियाकर्म आई म्हणेल तसं, पण भाषण नको. नगरसभेचे अध्यक्ष आले तर त्यांना बसायला द्यावं आणि बोलायला देऊ नये. माझ्या शपथेच्या दिवशी ते माझं नाव विसरले आणि "हे आपले नवे... हे" असं म्हणून टाळ्या वाजवल्या.

८. जुनी येणीदेणी. अर्थशास्त्राच्या सरांना माझी वर्गातली जागा, शेवटच्या बाकावरची. ते म्हणायचे, तुमच्यासारखी मुलं बाक झिजवायला येतात. बाक शाबूत आहे, सर, जाऊन बघा.

हेडक्लार्कांना माझं स्टूल. गेली दोन वर्षं ते मला "उपटसुंभ" म्हणतात, तेही चहा पाजून, त्यामुळे मनसोक्त राग धरता येत नाही.

जहाजावरच्याला काही नाही. त्याच्याविरुद्ध माझी एकच तक्रार आहे, की माणूस चांगला आहे. कागदपत्रं द्यायला आला तेव्हा माझा हात धरून म्हणाला, "तुमच्यामुळे होतंय हो सगळं." मी त्याच्या कागदांत चूक शोधायला दोन दिवस घेतले. एकही सापडली नाही.

चारही चष्मे दुकानाला परत.

९. व्यवस्था. या मृत्युपत्राची अंमलबजावणी दादाने करावी. त्याला सवड नसेल तर हेडक्लार्कांनी, आणि त्यांना दादाच्या बरोबरीच्या खुर्चीत बसवावं. वर न लिहिलेलं, किंवा लिहूनही ज्याला द्यायचं त्याला न पोचलेलं, जे काही उरेल ते आईचं.

पुरवणी. एवढं लिहून मी आज दुपारी कार्यालयाच्या दप्तरखोलीत साहेबांकडे गेलो. सही करताना दोन साक्षीदार समोर लागतात. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, आणि साहेब वाचणार नाहीत अशी माझी अटकळ होती.

ही पुरवणी त्याच कागदावर, त्याच दुपारी, घाईने लिहीत आहे.

मुलगी शुक्रवारचे कागद द्यायला तिथे आली होती. साहेब म्हणाले, "मृत्युपत्र? या वयात? आण बघू." त्यांचा चष्मा घरी राहिला होता. त्यांनी कागद तिच्याकडे दिला. "तू वाच गं."

मी म्हणालो, "साहेब, वाचायची गरज नाही."

"न वाचता सही करायला मी काय नगरसभा आहे?"

तिने वाचलं. मोठ्याने, दुकानात पाटी वाचायला सांगते त्याच आवाजात. झडपेपाशी तो आवाज बसला. तिथून पुढे ती मनातल्या मनात वाचत गेली आणि साहेब "काय लिहिलंय, काय लिहिलंय" करत राहिले. शेवटी तिने कागद टेबलावर ठेवला.

"बाबा, याला सोमवारीच भरती व्हायला सांगितलंय. हा आपल्यासाठी थांबलाय."

मी म्हणालो, "दोनच दिवसांचा प्रश्न आहे."

"आणि त्या दोन दिवसांत मेलास तर? मी जहाजावर बसून काय करायचं? दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला तुझी आठवण काढायची?"

"तसं नाही."

"तसंच आहे. खोली काय, किल्ली काय. तुला माझ्या डोक्यावर कायमचं बसायचंय."

मी कागद माझ्याकडे ओढला. तिने त्यावर हात ठेवला.

"चल ऊठ. खाली रिक्षा आहे."

"मी गेलो तर सही कोण करणार? तुझं लग्न..."

"माझं मी बघते. त्याला मी सांगते."

मी म्हणालो, मी शपथ घेतली आहे, जोवर मी उप आहे तोवर शुक्रवारी मी इथे असणार, मला कोणी उचलून नेऊ शकत नाही. आवाज चढला, श्वास लागला, टेबल धरावं लागलं. तेव्हा साहेबांनी खणातून कोरा कागद काढला. चष्म्याशिवाय, ओळ वर चढवत, त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं की माझी नेमणूक या क्षणापासून रद्द करण्यात येत आहे. तारीख घातली, शिक्का मारला.

"नेमायला महिना लागतो," ते म्हणाले. "काढायला नाही."

मग त्यांनी मुलीकडे पाहिलं.  कागदावर फुंकर मारून तिने शाई वाळवली.

सबब कलम दोन रद्द समजावं. स्टूल सरकारी आहे, ते कार्यालयात राहील. मला वाटलं होतं मी तिला काहीतरी देऊन चाललो आहे. आता तिचं वर्ष माझ्या पायी जाणार आहे, आणि ते फेडायला माझ्याकडे काहीही नाही. जगलो तरी नाही.

दुसरा साक्षीदार म्हणून मी हेडक्लार्कांना बोलवायला निघालो. ती म्हणाली, "मी करते सही." मी सांगितलं, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, तुझी सही झाली तर खोलीचं कलम बाद होईल.

"माहीत आहे. पेन दे."

वरील सर्व मजकूर माझा आहे. दोघांच्या देखत सही करत आहे. सही वाकडी आली तर ती खाली रिक्षा थांबली आहे म्हणून. थोडी घाबरूनही.

ठिकाण: नगर कार्यालय, दप्तरखोली
वार: बुधवार, दुपार

सही: (मृत्युपत्र करणारा)

साक्षीदार, स्वतःच्या हाताने:

पहिला: विवाह निबंधक. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. पोरगा शुद्धीवर आहे, अक्कल मात्र नाही.

दुसरी: निबंधकांची मुलगी. चष्म्याच्या दुकानात नजर तपासनीस. अविवाहित.