वाट वाकडी करून

४ फेब्रुवारी

चि. धाकटेसाहेब यांस,
अनेक आशीर्वाद. रागावून देतेय, पण आशीर्वादच आहेत.

आपलं वळण जाणार, हे आता नक्की झालं. रस्त्याच्या इंजिनीअरबाईंनी आज दुपारी दुकानात उभ्याउभ्या सांगितलं. चहा अर्धा तसाच ठेवून गेल्या. सांगताना त्यांनाही जड गेलं असावं. नवा रस्ता शेताच्या पलीकडून नाकासमोर सरळ जाईल. आपलं घर, दुकान आणि विहीर यांच्यापुढचा हा तुकडा बंद होईल.

माझं तर डोकंच चालेनासं झालंय. वळण काढू नये ही माझी हरकत मान्य झाल्याचं सरकारी पत्र गेल्या महिन्यात आलं, तेव्हा तूच लिहिलं होतंस की एका ताईने सरकार वाकवलं. मग नव्या आखणीच्या खुंट्या आपल्याच शेतामागे कशा? बाईंना पत्र दाखवलं, तर त्याही गोंधळल्या. कचेरीत बघून सांगते म्हणाल्या. हरकतीत मी काही मनचं लिहिलं नव्हतं. नाना जन्मभर सांगत आले तेच लिहिलं: सरळ रेघेत जमिनीच्या पोटात काळा खडक आहे, म्हणून रस्ता वळवावा लागला, फोडायला जाल तर पस्तावाल. पाठवण्याआधी त्यांना वाचूनही दाखवलं होतं. ऐकून नुसते मिशीत हसले. मला वाटलं, लेकीचं कौतुक वाटलं.

डोळे गेल्यापासून नाना रस्ता कानांनी बघतात, हे तुला माहीत आहेच. वळणाशी गाडीचा गिअर बदलतो, त्यावरून ओट्यावर बसून सांगतात: ही दुधाची, ही वाळूची, ही सकाळची बस, पण आज ड्रायव्हर नवा आहे, क्लचवर पाय ठेवून झोपलाय. सरळ रस्त्यावर कोण कशाला गिअर बदलेल? आणि तोही शेतापलीकडे. दुकानाचं मी बघेन काहीतरी, माझे हात धड आहेत. नानांचं काय करू, ते सांग. त्यांना अजून कळवलेलं नाही.

येतो येतो म्हणून किती दिवाळखोर तारखा दिल्यास, ते काढत नाही. लोभ आहेच, निदान तो तरी कुणाला वळवू देऊ नकोस.

तुझी,
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (रागावलेल्यांना दोनदा.)

तुझं पत्र वाचलं आणि छापखान्यात मागच्याच वर्षी आम्ही छापलेला रस्त्यांचा नकाशा टेबलावर पसरला. शाई लावतो, घड्या घालतो, पण आपलाच रस्ता मी कधी बोटाने चालून बघितला नव्हता. राज्यमार्ग शहरापासून सुरू होतो आणि नदीपाशी संपतो. तू म्हणशील, हा आता मला रस्ता शिकवणार. पण ताई, आपल्या घरात तो नेहमी नदीपासूनच सुरू झाला. नानांची टोळी नावेच्या धक्क्यापासून खडी पसरत वर आली, म्हणून अंतराचा पहिला दगड नदीकाठी. मग पूल झाला, शहरापर्यंत डांबर गेलं, रस्त्याला राज्यमार्गाचा नंबर मिळाला आणि मोजणी उलटी फिरली. जुने दगड उपटले, तेव्हा टोळीचे मुकादमसाहेब, म्हणजे आपले नाना, घरापुढचा बेचाळीस नंबर बैलगाडीत घालून अंगणात घेऊन आले. तेव्हापासून गिऱ्हाईकं त्यावर बसून चहा पितात.

हरकतीत तू तोच आकडा घातलास ना? बाहेर, झुडपात दडलेल्या सरकारी दगडावर अठ्ठेचाळीस आहे. सरकारचा बेचाळीस म्हणजे ओसाड वीटभट्टीजवळचं वळण. तिथे माणूस सोड, कुत्रंही राहत नाही.

स्वतःला एकटीलाच बोल लावू नकोस. मसुदा मी तपासला होता. वेलांट्या सुधारल्या, ‘पस्तावाल’च्या जागी ‘गैरसोय होईल’ सुचवलं, आणि बेचाळीस वाचून पुढे सरकलो. बेचाळीस म्हणजे आपलं घर, त्यात तपासायचं काय?

नानांना इकडे घेऊन ये. तुझ्या वहिनीने रस्त्याकडची खोली रिकामी केली आहे. खिडकीखाली चौक आहे, दिवसभर रहदारी. त्यांचे कान रिकामे बसणार नाहीत. मी न्यायला आलो असतो, पण शाळेच्या पुस्तकांचं काम अंगावर आहे. हे वाक्य तुला पाठ झालं असेल.

रागाला दगड क्रमांक नसतो, तेव्हा तो कुठेही संपू शकतो. आजच संपव.

तुझा,
धाकटा

१७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, या वेळी बिनरागाचे.

तुझं खरं निघालं. इंजिनीअरबाई कागद घेऊन आल्या, अंगणातल्या दगडावरच बसल्या आणि खाली वाकून आकडा बघितला, तेव्हा त्यांनाही उमगलं. वीटभट्टीचं वळण राहणार आहे. आणि गंमत ऐक: हरकत आली म्हणून तिथे खड्डे घेतले, तर खरोखर काळा खडक लागला. माझं अक्षर न् अक्षर खरं ठरलं, फक्त भलत्या ठिकाणी. आता बदलता येत नाही का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, तुमच्याकडेही खड्डे घेतलेत, सगळा मऊ मुरूम आहे, फावडं लोण्यातून जावं तसं गेलं. म्हणजे आकडा बरोबर असता, तरी आपली हरकत टिकली नसती.

त्या गेल्यावर मी नानांसमोर जाऊन बसले. खुंट्या ठोकल्याचा आवाज त्यांनी केव्हाच ऐकला होता; लपवत होते मी एकटीच. विचारलं, नाना, खडक कुठे गेला? तर म्हणाले, तुझ्या आईबरोबर गेला.

मग हळूहळू सांगितलं. आखणीची चुन्याची रेघ आज खुंट्या आहेत तिथूनच, शेतापलीकडून गेली होती. पाण्याला टोळी या विहिरीवर यायची, आणि रहाटावर आई असायची. आखणी बघायला साहेब सायकलवरून येत. नाना त्यांना म्हणाले, साहेब, पुढे खडक आहे, विहिरीकडून काढू. साहेब दमलेले होते, त्यांनी मान हलवली. रस्ता आला, नाना आले. आई सगळं ओळखून होती. भांडण झालं की ती म्हणायची ना, सरकारची वाट वाकडी करून आलात, आता निमूट जेवा? आपण लहान होतो, आपल्याला वाटायचं बोलण्याची तऱ्हा आहे.

मी म्हटलं, हरकत वाचली तेव्हा का नाही सांगितलंत? तर म्हणाले, इतकी वर्षं सगळ्यांनी धरून ठेवलेला खडक होता, मला वाटलं एव्हाना झालाही असेल. आणि हसले. धाकट्या, मला तेव्हा विहिरीकडे बघवेना.

तुझ्याकडे येणार नाहीत. चौकाचं सांगितलं, तर म्हणाले, त्या गाड्या मला ओळखत नाहीत. वहिनीला वाईट वाटू देऊ नकोस. तिने खोली रिकामी केली हे ऐकून तिला भरभरून आशीर्वाद दिलेत. आज सकाळची बस गेली, तेव्हा कोणती ते बोलले नाहीत. मीच म्हटलं, नाना, बस. तर म्हणाले, असू दे.

शेतापलीकडे मुरूम दाबून गाड्यांसाठी तात्पुरती वाट केली आहे, म्हणून येत्या सोमवारीच वळणाच्या दोन्ही तोंडांना मातीचे बांध घालणार आहेत. काल सगळ्या गाड्यांची नावं घेता घेता म्हणाले, धाकट्याची तेवढी मी कधी ऐकली नाही. मी काही सांगत नाही तुला. त्यांचं बोलणं होतं, ते लिहिलं.

लोभ ठेव, आणि जमलं तर स्वतःलाही त्याच्यासोबत पाठव.

तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

तीर्थरूप नानांस,
शिरसाष्टांग नमस्कार. ताई, हे मोठ्याने वाच आणि मध्ये स्वतःचं काही घालू नकोस.

नाना, रस्ता कुठे जाणार आहे, असं मला वर्षानुवर्षं वाटत राहिलं. तुम्ही ओट्यावर आहात, वळण समोर आहे, मग या महिन्यात नाही तर पुढच्या. नकाशातही ते वळण इतकं ठळक आहे की ते पुसलं जाईल, हे मनात आलं नाही. पुढच्या छपाईत ती रेघ सरळ करण्याचं काम माझ्याच टेबलावर येईल. करीन. पण त्याआधी एकदा ती चाकाखालून घालायची आहे.

पुस्तकांचं काम मी सहकाऱ्याच्या गळ्यात मारलं आहे. रविवारी सकाळी निघतो. शहराकडून आलो तर लवकर पोचेन, पण मी पुलावरून वळसा घालून नदीकडून येणार आहे. धक्क्यावर तुमचा पहिला दगड कुठे होता ते कुणाला तरी विचारीन आणि तिथून मोजत वर येईन, तुमची टोळी आली तसा. उशीर होईल. जेवायला थांबू नका.

माझी गाडी जुनी आहे. दुसऱ्या गिअरला घातली की आतून कुणी खोकल्यासारखा आवाज येतो, दुरुस्त करायचा राहून गेलाय. वळणाशी तो आवाज आला, की ताईला चहा टाकायला सांगा.

सोमवारी इंजिनीअरबाईंना म्हणावं, माती ओतायच्या आधी एक गाडी बाहेर पडायची आहे. तुम्ही माझ्या शेजारी बसा, ताई मागे बसेल. शहराकडच्या तोंडापर्यंत जाऊ, मग ताईच्या हाताला धरून तुम्ही पायी परत या. तिथेही मी गिअर बदलीन.

आपला,
धाकटा