अर्थमिती कोण शिकवणार

१४ मे
अर्थमिती माझ्या गळ्यात मारली! इकॉनॉमेट्रिक्स, एम.ए. अर्थशास्त्राचा सगळ्यात अवघड पेपर — आणि मीच सापडले. मी स्वतः शिकताना दुसरा ऐच्छिक विषय घेतल्ता. तसं विभागप्रमुख राजानंद सरांना सांगितलं. ते चहा पीत म्हणाले, "मॅडम, तरुण आहात. सुट्टीत बघून घ्या, जमून जाईल."
जमून जाईल! स्वतः मात्र भारतीय अर्थव्यवस्था धरून बसलेत. त्याच नोट्स मी विद्यार्थिनी असताना उतरून घेतल्त्या. त्यांच्या वर्गात पंचवार्षिक योजना अजून चालूच आहेत.

१५ मे
न्हाई म्हणायला पाहिजे व्हतं. पण तासिका तत्त्वावरच्या बाईनं न्हाई म्हणलं, की पुढच्या वर्षी तिला बोलावतच न्हाईत.

२२ मे
पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर मॅट्रिक्स. आपटलं. आई म्हणाली, "आधी जेवून घे, मंग भांड त्याच्यासंगं."

३० मे
यूट्यूबवरचा मास्तर दर दोन ओळींना म्हणतो — ये तो ऑब्वियस है. तुझ्या बापाला ऑब्वियस!

८ जून
कळालं!!
आमच्या तीर्थपुरीच्या शिवारात गेल्या साली ज्यानं जास्त फवारलं, त्याच्याच कपाशीवर कीड जास्त व्हती. नुसते आकडे मांडले तर वाटतं, फवारणीनंच कीड येते. अरे, पण कीड दिसली म्हणूनच तर माणूस फवारतो! कारण कोणतं, परिणाम कोणता — हेच तर उलगडायचं असतं. इतके दिवस मी नुसती अक्षरं बघून राह्यले व्हते. एकटीच मोठ्यानं हसले. आई आतून ओरडली, "हळू हस. शेजारचे म्हणतील, पोरगी कामातून गेली."

२० जून
गणितं सुटून राह्यलीत. राजानंद सरांवरचा राग तसाच आहे. असू दे. तोच मला रोज टेबलाशी बसवतो.

२ जुलै
पेपर काढून घेतला.
कायम जागेवर नवे प्राध्यापक आलेत, भारत सर. अवघड पेपर कायम माणसाकडं बरा, असं ठरलं म्हणे. मला विचारलं कोणी? राजानंद सर वरून हसतात — "बरं झालं ना मॅडम, सुटलात!"
सुटले? नको व्हता तेव्हा माझ्यावर टाकला. माझा झाला तेव्हा हिसकावून घेतला! अंबडच्या कॉलेजातून घरी येताना बसमध्ये रडले. दुःखानं न्हाई, संतापानं.

३ जुलै
भांडून आले. "सर, हा पेपर मीच शिकवणार."
"मॅडम, वरून ठरलंय."
"वर कोण?"
सर फायली चाळायला लागले.

५ जुलै
भारत सरांचा फोन. आवाज एकदम बारीक. "मॅडम, तुमच्या अर्थमितीच्या नोट्स भेटतील का? खरं सांगतो, मला त्यातलं काहीच येत न्हाई. राजानंद सरांना सांगायची हिंमत होत न्हाई."
म्हणलं, "नोट्स भेटणार न्हाईत. सोमवारी वर्गात पोरांसंगं बाकावर बसा. शिकवते मी."
पलीकडं पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला.
मंग म्हणाले, "किती वाजता येऊ?"