एक शिट्टी बाहेर, दोन शिट्ट्या आत

४ जून, सकाळ
जेवणाच्या टेबलावरचा कपडा जळाला, म्हणून ही वही सुरू करते आहे. एरवी मला लिहिण्याची हौस नाही. डाग तळहाताएवढा, एका टोकाला निमुळता. ह्यांच्या सोल्डरिंगमुळेच झाला, दुसरं कारण संभवत नाही. हे म्हणाले, सोल्डरिंगची कांडी पेन्सिलीएवढी असते, आणि परवा टेबलावर इस्त्री करताना तू फोन घ्यायला उठली होतीस. मी म्हटलं, प्रश्न डागाच्या आकाराचा नाही, बेफिकिरीचा आहे.

मुलींचं वसतिगृह मी बावीस वर्षं चालवलं. एकदाही आग लागली नाही. एकदा लागली होती, पण ती धोब्याच्या खोलीत. ती इमारत वेगळी.

काल अग्निशामक दलाच्या अधिकाऱ्याचं व्याख्यान ऐकलं. तो म्हणाला, माणसाला सर्वांत जास्त धोका स्वतःच्या घरात असतो. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे दाराकडे बघत होते.

संकल्प: महिनाअखेर घर शंभर टक्के सुरक्षित.

५ जून
ह्यांचं रेडिओचं टेबल बंद. निवृत्त झाल्यापासून हे खिडकीशी बसून लोकांचे जुने रेडिओ दुरुस्त करतात. घरभर तारा. सोल्डरिंगची कांडी आणि हत्यारांचा डबा लोखंडी कपाटात टाकला. एक्स्टेंशन बोर्ड जप्त. एका बोर्डावर चार-चार वस्तू लावणं म्हणजे आगीला अक्षता, असं तो अधिकारी म्हणाला नाही, पण त्याला म्हणायचं तेच होतं.

सासूबाईंचा जुना रेडिओ तेवढा ठेवू दिला, तोही न उघडण्याच्या अटीवर. तो चालू करून बहिणीला द्यायचा, असं ह्यांच्या मनात गेली दोन वर्षं आहे. मी म्हटलं, मनातच असू दे, मनात शॉर्टसर्किट होत नाही.
हे काही बोलले नाहीत. ह्यांचा हाच गुण मला पहिल्यापासून आवडतो.

६ जून
बोर्ड वाया जाऊ नये म्हणून फ्रिजमागे लावला. त्यावर फ्रिज, मिक्सर, इस्त्री आणि पाण्याची किटली. वस्तू वाईट नसते. ती कोणाच्या हातात आहे ते महत्त्वाचं.

८ जून
बाथरूम. घसरून पडायला होऊ नये म्हणून फरशीवर साबणाचं दाट पाणी ओतून मुरायला ठेवलं. अर्ध्या तासानं घासणार होते. त्याआधीच हे आत गेले. उजव्या मनगटाचं हाड तडकलं. प्लास्टर.
डॉक्टरांनी विचारलं कसं झालं. हे म्हणाले, घर सुरक्षित करताना. डॉक्टर हसले. पोरगेलासा माणूस, डिग्री खरी असेल का?
दरवाजा वाजवून आत जायची सवय ह्यांना कधीच नव्हती.

११ जून
औषधं माळ्यावर हलवली. लहान मुलांच्या हाताला लागता कामा नयेत. आमच्या घरात लहान मूल नाही, पण नियम माणसं मोजून करायचे नसतात. स्टूल डगमगत होतं, ते भंगारवाल्याला देऊन टाकलं. घर कसं मोकळं वाटतं आहे.

१२ जून
ह्यांना ब्लडप्रेशरची गोळी हवी होती. स्टूल नाही म्हणून चाकांच्या खुर्चीवर चढले. तिथून हाक मारली, जरा खुर्ची धरतेस का. मी "उंचावरून पडणे" या विषयावर टिपण काढत होते. एका वेळी एक काम, ही माझी शिस्त. दुसऱ्यांदा हाक मारली नाही, धाडकन आवाजच आला.
कपाळाला तीन टाके. गोळी राहिलीच.

घरात एकूण धोके कोणते, याचा शांतपणे विचार केला. गॅस, वीज, ओली फरशी, हे. पहिले तीन माझ्या ताब्यात आहेत.

१५ जून
कवायत. वसतिगृहातली शिट्टी ट्रंकेतून काढली. अजून वाजते. नियम सोपा: एक शिट्टी, असाल तसे खाली फाटकाशी. दोन शिट्ट्या, परत वर. आग काही पत्र पाठवून येत नाही, तेव्हा मीही आगाऊ सांगितलं नाही. हे अंघोळ करत होते. टॉवेल गुंडाळून, प्लास्टरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, असे जिना उतरले, आणि बगलेत सासूबाईंचा रेडिओ. माझ्या मुली चपलासुद्धा घ्यायच्या नाहीत.
रेडिओसाठी थांबल्याबद्दल वर बोलावून पुन्हा खाली पाठवलं. मग आणखी एकदा, सराव म्हणून. जिन्यात सगळा शेजार गोळा झाला.

वरच्या मजल्यावरची बाई मला म्हणाली, "धन्य आहे हो तुमच्या मिस्टरांची. दुसरा असता तर एका शिट्टीतच गेला असता."
खरं आहे. ह्यांना तीनदा पाठवावं लागलं.

१८ जून
आग विझवायचं लाल सिलिंडर आणलं. ह्यांनी हात लावू नये म्हणून लोखंडी कपाटात ठेवून कुलूप घातलं. खिडकीची जाळी उघडते, तिलाही कुलूप. दोन्ही किल्ल्या अशा जागी ठेवल्या आहेत की ह्यांचा हात तिथे जाणार नाही, कारण ती गोष्ट उघडायला मीच बंदी केली आहे. जागा वहीतही लिहीत नाही. वही कोणी वाचली तर?

१९ जून
हे म्हणतात, रेडिओ हलवला की आत खुळखुळतं, कालपर्यंत नव्हतं. मागचं झाकण उघडून बघू का, असं विचारलं. उजवा हात गळ्यात, कपाळाला पट्टी, आणि हौस बघा. मी साफ नाही म्हटलं. माणूस रिकामा बसला की त्याला काहीही खुळखुळताना ऐकू येतं.

२१ जून
नणंदेचा फोन. ही बाजारात सायकलींचं दुकान चालवते, त्यामुळे फोनवरही ट्रकला हाक मारल्यासारखी बोलते. दादाला द्या म्हणाली. दिला. हे नुसतं हो, नाही, बरं आहे, करत होते. मग बराच वेळ ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "रेडिओ आणू का?"
रविवारी येते आहे. येऊ दे. घर आता दाखवण्यासारखं झालं आहे. टेबलावरच्या कपड्याला इस्त्री करायला हवी.

२३ जून, रविवार, दुपार
नणंद दुकानाच्या टेम्पोतून आली. दादाचा हात पाहिला, कपाळ पाहिलं, मग सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारली. म्हणाली, "वहिनी, घराला मात्र एक ओरखडा नाही हो."
मी म्हटलं, तोच तर उद्देश आहे. तिनं भावाकडे बघितलं. ह्यांनी मान खाली घातली. संकोची स्वभाव.
दाराशी ह्यांची पिशवी भरलेली दिसली. कवायतीसाठी असावी. सुधारणा आहे.

चहासाठी किटली लावली, चटणीसाठी मिक्सर, आणि तोवर कपड्यावर इस्त्री फिरवून घेत होते. फ्रिजमागून धूर आला. मग पडदा पेटला. मी ताबडतोब शिट्टी वाजवली. एक.
ह्यांनी डाव्या हातानं मेन स्विच पाडला. वरच्या बाईला हाक मारली. रेडिओ बगलेत घेतला. बहिणीला म्हणाले, "चल." तिनं पिशवी उचलली आणि दोघं खाली. इतकी चोख कवायत माझ्या वसतिगृहातसुद्धा झाली नव्हती. घरात एकटी उभी राहून मी शाबास म्हटलं.

सिलिंडर काढायला गेले तर कपाटाला कुलूप. किल्ली कुठे ठेवली ते आठवेना. धूर जावा म्हणून जाळीकडे गेले, तिथेही तेच. वरची बाई ओली चादर घेऊन आली आणि पडदा खाली ओढून तिनं तुडवला. जाताना काहीतरी पुटपुटली. धूर होता, नीट ऐकू आलं नाही.

मग जाळीतून दोन शिट्ट्या वाजवल्या. हे फाटकाशी उभे होते, नेमून दिलेल्या जागी. वर बघितलं. हलले नाहीत. पुन्हा दोन वाजवल्या. मी ओरडून आठवण दिली की दोन म्हणजे परत वर.
हे म्हणाले, "माहीत आहे."
आणि टेम्पोत बसले.

संध्याकाळ
कवायतीचा निकाल. बाहेर पडणे: उत्तम. परतणे: बाकी आहे.

२५ जून
दोन दिवसांत घरात एकही अपघात नाही. म्हणजे पद्धत बरोबर होती. दुकानावर फोन केला. नणंद म्हणाली, दादा झोपला आहे. सकाळचे अकरा वाजले होते. तिकडे जाऊन आळस लागला.
बाथरूमची फरशी आज घासली. काळजीपूर्वक चालते आहे.

२७ जून
पुन्हा फोन केला. पुन्हा झोपलेले. मागे रेडिओवर बातम्या चालू होत्या. नणंदेला आवाज बारीक करायला सांगितलं, माणूस झोपलेला असताना. ती हसली आणि फोन ठेवला.

३० जून, महिनाअखेर
दुपारी टेम्पोवाला आला. खिशातून कागदाची पुडी काढून दिली. आत दोन किल्ल्या, एक कपाटाची, एक जाळीची. निरोप तोंडी होता: रेडिओ उघडला, आत ह्या सापडल्या, तुझ्या असतील. रेडिओ आता छान लागतो.
मी म्हटलं, किल्ल्या कुठे होत्या ते मला माहीत होतं.

हे परत कधी येणार, असं विचारलं. म्हणाला, "ते नाही सांगितलं, बाई. सामान सगळं आण म्हणाले."

गोळ्या माळ्यावर होत्या. चाकांची खुर्ची घेतली आणि चढले. खुर्ची सरकली. मी हाक मारली नव्हती, पण तो आत येऊन दोन्ही हातांनी ती धरून उभा राहिला. गोळ्या काढून खाली उतरेपर्यंत सोडली नाही.

टेम्पोवाल्याच्या हवाली केलं ते असं:
सोल्डरिंगची कांडी, एक. हत्यारांचा डबा. ब्लडप्रेशरच्या गोळ्या, होत्या तेवढ्या. वाचायचा चष्मा. सदरे चार, बिनइस्त्रीचे.
घेतल्याबद्दल सही घेतली.
शिट्टी: तिकडेही कवायत चालू राहावी म्हणून देऊ केली. नको सांगितलं आहे, म्हणाला.