बांधावरच्या आंब्याचं आळं

बाई, माझ्या बांधावरच्या आंब्याला यंदा इतका मोहर आलाय की पानं दिसत नाहीत. येणारा-जाणारा थांबतो, वर बघतो, "यंदा मजा हाय तुमची" म्हणतो. मी हसते. मला मात्र भीती वाटते, आणि ती का वाटते हे कळेल असं तुमच्याशिवाय कुणी नव्हतं. तुम्हाला जाऊनही आता वीस वर्षं झाली.

सातवीत होते मी. सेनगाव तालुक्यातली आपली ती पत्र्याची शाळा, आणि तुम्ही वर्ग बाहेर जांभळाखाली घेतलेला. एका डहाळीला तुम्ही प्लास्टिकची पिशवी बांधलीत. तासाभरात आत थेंब जमले. "हे पाणी कुठून आलं? मुळांना केसाहून बारीक तंतू असतात, ते मातीतली ओल शोषतात. मग लाकडातल्या नळ्यांतून ती वर चढते, कारण पानं वरून ओढत असतात." मग चाकूनं दुसऱ्या फांदीची बोटभर रुंद साल तुम्ही गोल काढलीत. आम्ही रोज बघायला जायचो, पण फांदी काही सुकेना. "बाई, तुमचा प्रयोग फसला," पोरं खिदळली. तुम्ही म्हणालात, "फसला नाही. पाणी आतून चढतं, म्हणून ती हिरवी आहे. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली जातं, ते मात्र अडलं." मी विचारलं, "आन् खोडालाच असं केलं तर?" तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत. पण लेकरांचा प्रश्न टाळणं तुम्हाला जमत नसे. "तर झाड बरेच दिवस हिरवंच दिसेल. वरचं अन्न वरच साठेल, म्हणून कदाचित मोहरही जास्त येईल. पण मुळं उपाशी राहतील. पाणी शोषणारी नवी पांढरी मुळी फुटायची थांबली, की पाणीही थांबलं."

संध्याकाळी चुलीपुढं मी आईला हे सांगत होते. वडील जेवत होते. त्यांचा हात ताटात थांबला. "पुन्हा सांग," म्हणाले. मी पुन्हा सांगितलं, आणि मला फार बरं वाटलं. एरवी ते माझ्या शाळेचं काही ऐकत नसत. "हुशार हाय तुझी बाई," एवढंच बोलले.

शेजारच्या शेतातली काकू वडिलांच्या चुलतभावाची बायको. नवरा गेलेला. तिचा आंबा आमच्या बांधाला लागून होता आणि त्याच्या सावलीत आमचा कापूस वाढायचा नाही. वडिलांनी दोनदा तोडायला सांगितलं, तिनं ऐकलं नाही. त्याच आंब्यांची पाटी घेऊन ती जवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात बसायची. त्या हिवाळ्यात वडिलांनी आपण होऊन तिच्या झाडाला आळं करून दिलं. बुंध्याची माती उकरली, मग पुन्हा वीतभर चढवली, पाणी राहावं म्हणून भोवती गोल पाळ घातली. काकू घागर घेऊन आली. "भाऊजी, तुमी काहून तकलीफ घेतली?" "तकलीफ कसली वैनी, आपलंच झाड हाय." मी बांधावर उभी होते. वडिलांच्या कुदळीजवळ विळा पडला होता. आळं करायला विळा लागत नाही.

त्या वर्षी तो आंबा असा लागला की फांद्यांना टेकू द्यावे लागले. काकूनं एक टोपली तुमच्याकडे पाठवली, दोन आमच्याकडे. "भाऊजीच्या हाताचा गुण," म्हणायची. वडिलांनी एकही आंबा खाल्ला नाही. मी खाल्ले, आणि एक कोय बांधाच्या आमच्या बाजूला पुरली. मग भर पावसाळ्यात, आळ्यात पाणी तुंबलेलं असताना, काकूचा आंबा वाळला. तुम्ही बघायला आलात, हातानं बुंध्याची माती बाजूला सारलीत आणि उघड्या लाकडावरून बोट गोल फिरवलंत. परतताना वाटेत मला विचारलंत, "घरी काही बोलली होतीस?" मी म्हणाले, "न्हाई." पुढच्या वर्षी तो धडा तुम्ही फळ्यावर चित्र काढून शिकवलात. चाकू पुन्हा शाळेत आणला नाहीत. गावात सगळे म्हणाले, घुशीनं साल खाल्ली.

ती कोय रुजली. तिच्या झाडाच्या सावलीबद्दल वडिलांनी मरेपर्यंत तोंड उघडलं नाही. पुढं मी आपल्याच शाळेत शिक्षिका झाले आणि काकूचा नातू माझ्या वर्गात आला. जांभळाच्या फांदीची साल मी काढून दाखवली त्या दिवशी तो उठून म्हणाला, "बाई, आमच्या आंब्याची साल घुशीनं खाल्ली व्हती. आजी सांगती, बराबर गोल." मागून कुणीतरी ओरडलं, "घूस कंपास घिऊन आली व्हती काय रं?" वर्ग हसला. तो हसला नाही, माझ्याकडे बघत राहिला. मी पुस्तकाचं पान उलटलं.

आता तो तिशीचा आहे, शेजारचं शेत तोच करतो. माझ्या आंब्याच्या सावलीनं त्याचं सोयाबीन खुजं राहतं म्हणून दोन वर्षं कुरकुरत होता. मग कुरकुर थांबली. दिवाळीनंतर एका सकाळी शेतात गेले तर माझ्या झाडाला नवं आळं, माती वीतभर चढवलेली, आणि तो बादलीत हात धुतोय. "काहून तकलीफ घेतलीस रे?" माझ्या तोंडून निघून गेलं. "तकलीफ काय बाई, आपलंच झाड हाय." हे शब्द त्याला आजीनं सांगितले असतील का? की सगळे असंच बोलतात?

कदाचित त्या मातीखाली काहीच नसेल. सारली की कळेल. पण असलंच काही, तर मी त्याला कुठल्या तोंडानं विचारू? काल खुरपं घेऊन गेले होते. बुंध्याशी बसले. वर मधमाश्या घोंघावत होत्या. तुमचा हात चालला होता, बाई, माझा चालला नाही. आळ्यात दोन घागरी पाणी ओतलं, ते मातीनं पिऊन टाकलं, आणि खुरपं तसंच परत आणलं.

हा कागद वहीतच राहील. पण त्या दिवशी वाटेत तुम्ही विचारलं होतंत. घरी बोलले होते, बाई. दोनदा सांगितलं होतं.