हॉल, क्यू आणि भिंतीकडची खुर्ची

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूल हॉल चालवणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र करीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी ते माझ्याशी एक डाव खेळले आणि हरले, म्हणून त्यातली भाषा जरा तुसडी आहे.

याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. तोंडी दिलेली वचनेही रद्द समजावीत. त्यांतल्या एकाविषयी शेवटच्या कलमात लिहिले आहे.

कलम १. राहते घर मुलाला. छपराची डागडुजी त्यानेच केली. बँकेतली शिल्लक मुलगा आणि मुलगी दोघांना सारखी. शिल्लकेविषयी अधिक लिहावे इतकी ती नाही.

कलम २. माझे जुने प्रतिस्पर्धी, ज्यांना सगळे कासव म्हणतात, त्यांना चॉकचा एक नवा डबा द्यावा. प्रत्येक फटक्याआधी क्यूच्या, म्हणजे पूल खेळायच्या काठीच्या, टोकाला चॉक घासत बसायचे आणि समोरच्याला झिजवायचे, ही त्यांची रीत. पहिल्या अंतिम फेरीत ते घासत असताना मी मनातल्या मनात पुढचा डाव जिंकून, चषक घेऊन घरी पोचले होते. माझी पाळी आली तेव्हा मी टेबलापाशी नव्हतेच. पुढच्या वर्षी मी खुर्चीत बसून फक्त बॉल पाहत राहिले. त्यांनी खूप घासले, शेवटी तेच वैतागले. कपाटातला मोठा चषक तेव्हाचा आहे.

कलम ३. धाकट्या दिरांना काही नाही, एक वस्तू सोडून. "वहिनी, बायकांचं मन कच्चं असतं, दडपण आलं की रडतात," असे ते चारचौघांत म्हणाले होते. मग माझ्याशी खेळले, हरले आणि क्यू आपटून तोडला. तो तुटका क्यू मी जपून ठेवला आहे. तो त्यांना परत करावा.

कलम ४. हॉल. इथे जरा सविस्तर लिहिणे भाग आहे.

पूल उभ्याने खेळतात असे बघणाऱ्यांना वाटते. खरी परीक्षा भिंतीकडच्या खुर्चीत होते. समोरचा खेळत असताना तिथे बसून राहावे लागते, काही अडवता येत नाही आणि सगळे पाहावे लागते. तिथे भलेभले खचतात. कोणी पाय हलवतो, कोणी पाणी पीत सुटतो. उठतात तेव्हा हात तोच असतो, डोके संपलेले असते.

मुलाचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी लेखी देते. मात्र एकदा मी त्याच्या कानात सांगितले की निवड समितीचे गृहस्थ आलेत, आणि त्याने समोरचा सरळ बॉल चुकवला. ते गृहस्थ पंखा दुरुस्त करायला आले होते.

मुलीने नोकरी सोडून हा हॉल सांभाळला. तो गेला तर तिच्या हाती दुसरे काही नाही. गेल्या उन्हाळ्यात मी तिला बाजूला घेतले. "आज तुम्ही दोघं खेळा. जो जिंकेल त्याचा हॉल. दादाला बोलायचं नाही."

"बरं," ती म्हणाली.

मुलाला सांगितले असते तर त्याचा हात गेला असता, आणि मग त्या डावाला अर्थ उरला नसता.

शेवटच्या डावात तिचा काळा बॉल, जो सगळ्यात शेवटी घातला की डाव जिंकला, पॉकेटच्या तोंडाशी अडला. ती खुर्चीत जाऊन बसली. मुलाचे बरेच बॉल बाकी होते. तो शीळ घालत एकेक घालत गेला. मी टेबलाकडे पाहिलेच नाही, तिच्याकडे पाहत होते. क्यू मांडीवर आडवा, हात स्थिर, नजर बॉलवर. आपला हॉल जाताना ती पाहत होती. काळा बॉल पडला तेव्हा ती उठली. "छान मारलास, दादा. कोपऱ्यातला तो मला दिसलाच नव्हता." तो खूश होऊन चहा सांगायला गेला.

"त्याला कधी सांगणार?" तिने मला विचारले.

"वेळ आली की."

"बरं," म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी बॉल त्रिकोणात लावू लागली.

बाळा, तू जिंकलास, आणि फार देखणं खेळून जिंकलास. माझा स्पर्धेचा क्यू तुझा. पण हॉल, सर्व टेबले, दिवे आणि ती खुर्ची मी तुझ्या बहिणीला देत आहे. आईने शब्द फिरवला असे कोणी म्हणेल, तर म्हणू द्यावे. जिंकणारे मी आयुष्यभर पाहिले. असे हरलेली एकच पाहिली, ती माझ्या पोटची आहे, आणि कपाटातल्या कोणत्याही चषकापेक्षा मला तिचा अभिमान जास्त आहे.

कासव साक्षीदार व्हायला तयार होते. पण ज्याला काही मिळते त्याने सही करू नये, असे वकीलबाई म्हणाल्या. तसेही त्यांनी सहीला संध्याकाळ केली असती.

मी हे लिहीत असताना मुलगी पलीकडच्या टेबलावर ब्रश फिरवते आहे. कापड एका कडेला सैल झाले होते, ते तिने आत्ताच ताणून नीट बसवले. हॉल दादाचा झाला, असेच ती अजून समजते आहे.

साक्षीदार:
१. खालच्या टायरच्या दुकानाचे मालक (सही)
२. दाखला देणारे डॉक्टर (सही)

ठिकाण: हॉल, पहिले टेबल
दिनांक: सोमवार, हॉलच्या सुट्टीचा दिवस

मृत्युपत्र करणारी, दोघांची आई (सही)