सीटवरचं मीठ

४ नोव्हेंबर, मंगळवार

तेलाची फवारणी झाली! रस्त्यावर पहिलं मीठ पडायच्या आत. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ती लॉरी इतकी वर्षं मीच चालवायचो, त्यामुळे केव्हा पडणार ते मलाच आधी कळायचं. या वर्षी लॉरीवर दुसराच कुणी पोरगा आहे. असेना. गंज काही ड्रायव्हर बघून येत नाही.

पोरीची, नेलची मोटरसायकल अंगणात घेतली. धुतली, दिवसभर सुकू दिली. ओल्यावर तेल मारलं की मीठ आतच कोंडतं आणि वरून सगळं चकचकीत दिसतं — हे आमच्या दरीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मग प्रत्येक बोल्ट, सायलेन्सर, इंजिनाच्या फटी, चेनच्या मागची बाजू, सगळीकडे बारीक फवारा. त्याआधी पुढच्या चाकाच्या दोन्ही ब्रेक-डिस्कना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. तिथे तेल गेलं तर ब्रेक दाबून उपयोग नाही. डाव्या हाताने गाठ मारायला फार वेळ लागला. शिव्या घातल्या त्याला, पण मारली.

एप्रिलमध्ये अर्धांगाचा झटका आल्यापासून हा हात माझा राहिलेला नाही. उन्हाळाभर मी खिडकीशी खुर्चीत बसून होतो. कशातच जीव नव्हता. शेवटी नेल म्हणाली, "बाबा, गाडीचं तू बघणार नसशील तर मी या हिवाळ्यात ती बाहेर काढणार नाही. वर्षभरात सडेल. सडू दे." सरळ धमकी! त्या धमकीने उठलो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पहाटे लॉरी गेली. नवा पोरगा आमच्या वळणावर वेग कमीच करत नाही. निम्मं मीठ माझ्या भिंतीवर. नेल अजून बसनेच जाते; तेल आठवडाभर मुरल्याशिवाय गाडी काढायची नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नेल उशिरा आली, तीही चालत आणि लंगडत. जनावरांच्या डॉक्टरांकडे काम करते, तिथे कुणाच्या तरी वासराएवढ्या कुत्र्याने तिला पाडलं म्हणे. गुडघा चांगलाच सुजलाय. आणि गाडी? "चेन सैल वाटली, म्हणून खाली एडविनकाकाकडे ठेवली. तो बघतोय."

एडविन पियर्ट! टेकडीच्या पायथ्याशी राहतो, शाळेपासूनचा मित्र. चांगला माणूस, पण त्याच्या स्वतःच्या गाडीचे बोल्ट बघावेत — पांढरी बुरशी आल्यासारखे. आणि तो माझ्या गाडीची चेन बघणार!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गाडी घरी आली. पुन्हा रोजचं सुरू. नेल संध्याकाळी आली की गाडी भिंतीशी लावते, मी बादली घेऊन बाहेर जातो. थंड पाणी. कोमट नाही, कधीच नाही. ऊब मिळाली की मीठ लोखंडाला जास्तच खातं. बोटं बधिर होतात. होऊ देत, एक हात तसाही बधिरच आहे.

आज एडविनही वर आला होता. भिंतीला टेकून बघत बसला. "जन्मभर गावाच्या रस्त्यावर मीठ टाकलंस," म्हणाला, "आता पोरीच्या गाडीवरचं पुसतोयस. पाप फेडतोयस, विल्फ." म्हटलं, तुझं फेडायला कुणी येणार नाही. एरवी यावर तो खो-खो हसला असता. आज नुसता दात दाखवून गेला.

जेवताना पुन्हा तेच. मी ताट रिकामं केलं, नेलने ते गोल फिरवलं — निम्मे बटाटे आणि अख्खं सॉसेज तसंच! डावीकडचं मला दिसतच नाही. डोळे ठीक आहेत, मेंदू तिकडे बघायचं विसरतो. व्यायामवाली बाई म्हणते, मान वळवा, मुद्दाम वळवा. वळवतो. आठवलं की वळवतो.

२ डिसेंबर, मंगळवार

दोन दिवस कोमट पाऊस. लॉरी बाहेर पडलीच नाही, पडणारही नाही, मीठ काय फुकट आलंय? आधीचं सगळं केव्हाच वाहून गेलं. तरी संध्याकाळी गाडीवर मीठ! तपकिरी, खड्याचं, आपल्याच गोदामातलं. कुठून आलं?

नेल म्हणाली, "रस्ता फार खराब होता, बाबा."

९ डिसेंबर, मंगळवार

आज मान वळवून नाही, सरळ समोर दिसलं. सीटवर मीठ. आरशावर मीठ. पेट्रोलच्या टाकीवर सुटे खडे. आणि मडगार्डच्या खाली हात घातला तर कोरडं! सायलेन्सर स्वच्छ!

चाक मीठ खालून उडवतं. खालून वर. सगळ्यात आधी भरतं ते मडगार्डचं पोट. सीटवर तर चालवणारा बसलेला असतो, तिथे खडे कसे पडतील? मी बादली हातात धरून उभाच राहिलो. पाणी बुटात गेलं.

ही गाडी रस्त्यावर गेलेली नाही. मग पोर रोज जाते कुठे?

१० डिसेंबर, बुधवार

कुठेतरी पाणी मुरतंय. नोकरी गेली असेल? कुणी पोरगा असेल? पोरगा असेल तर असू दे की, सव्वीस वर्षांची आहे. माझ्याशी खोटं कशाला? तिची आई फरशीवाल्याबरोबर स्पेनला गेली, तेव्हा या स्वयंपाकघरात बसून आम्ही दोघांनी ठरवलं होतं — आपण एकमेकांना खरं सांगायचं, कितीही वाईट असलं तरी. तिच्याशिवाय मला आहे कोण?

दुपारी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. उचलला नेलनेच. "बोला, कोणतं जनावर?" मी फोन ठेवून दिला.

२५ डिसेंबर, गुरुवार

नेलने रबरी हातमोजे दिले, आतून लोकरीचं अस्तर. "धुताना घाल." तिच्या तोंडाकडे बघवेना.

८ जानेवारी, गुरुवार

आज जे पाहिलं ते लिहूनच ठेवतो.

कडक थंडी. व्यायामवाल्या बाईचं ऐकून चालायला बाहेर पडलो, काठी टेकत खालच्या वळणापर्यंत. दरीतली बस थांबली. नेल उतरली! बसमधून! हेल्मेट नाही, काही नाही, शाळकरी पोरीसारखी पिशवी खांद्याला. मी भिंतीआड झालो. स्वतःच्या मुलीला बघून भिंतीआड होणारा बाप, काय वेळ आली.

ती एडविनच्या शेडमध्ये गेली. हेल्मेट घालून गाडी ढकलत बाहेर आणली. वळणावर पिवळी पेटी असते ना, चढावर चाकं घसरली तर टाकायला मीठ ठेवतात ती — तिथे थांबली. झाकण उघडलं. मूठ भरली आणि गाडीवर फेकली. पुन्हा भरली. देवाला फुलं वाहावीत तशी! एक मूठ चाकावर, एक इंजिनावर, एक सीटवर. मग चढून बसली, जरा वेळ नुसती बसून राहिली, आणि पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने चढ चढून घरी गेली.

मी मागून पोचलो. ती दारात उभी. "कुठे होतास, बाबा? आज रस्ता इतका वाईट होता."

मी धुतली गाडी.

९ जानेवारी, शुक्रवार

जेवलो नाही. पोट दुखतं म्हणून सांगितलं. खरं तर डोकं फुटायची वेळ आली आहे. जन्मभर ज्याच्याशी भांडलो ते माझी पोर स्वतःच्या हाताने गाडीवर टाकते! आणि मी येडा, रोज गार पाण्यात बोटं बुडवतो!

१० जानेवारी, शनिवार

एडविनकडे गेलो. दारातच विचारलं, "तुझ्या शेडमध्ये काय चाललंय?"

तो आधी चहा म्हणाला. मग हवा कशी आहे म्हणाला. मी काठी आपटल्यावर बसला. "पडली ती, विल्फ. नोव्हेंबरात. कुरणाच्या फाटकापाशी वळणावर गाडी थांबलीच नाही, सरळ दगडी भिंतीत. बरं तर बरं, गुडघ्यावर निभावलं. तेव्हापासून ती गाडी मोठ्या रस्त्यावर नेत नाही. भीती बसलीय. सकाळी उतार उतरून इथे ठेवते, बसने जाते."

आणि मीठ?

"म्हणाली, बाबा सकाळी उठतो तो या गाडीसाठी. धुवायला काही उरलं नाही तर परत त्या खुर्चीत जाऊन बसेल आणि या वेळी उठायचा नाही."

राग कुठे गेला कळलं नाही. म्हटलं, पण मग तिने सांगायचं ना पडले म्हणून! कोण पडत नाही? मी पडलो, तू तर गटारात पडला होतास. पडण्यात लाज कसली?

एडविन माझ्याकडे बघेना. "ते तिलाच विचार," म्हणाला आणि कप विसळायला उठला.

११ जानेवारी, रविवार

सुट्टी. नेल अजून झोपलेली. अंगणात गेलो, गाडीच्या समोर उभा राहिलो आणि हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत मान डावीकडे वळवली.

अख्खी डावी बाजू खरवडलेली! हँडलचं टोक घासून पांढरं. टाकीला मुठीएवढा पोचा. पाय ठेवायची दांडी वाकून मग सरळ केलेली, हातोड्याचे घाव दिसतात. दोन महिने मी रोज ही गाडी धुतोय. रोज! आणि ही बाजू धुतलेली आहे, स्वच्छ आहे. कुणीतरी माझ्यामागून धुतंय.

एडविनला फोन केला. एकच विचारलं — त्या दिवशी बर्फ होता का? तो म्हणाला, उद्या येतो.

१२ जानेवारी, सोमवार

एडविन सकाळी आला, नेल गेल्यावर. बस म्हटलं तरी बसला नाही. "बर्फ नव्हता, विल्फ. तू फवारलंस तेव्हा डाव्या डिस्कला पिशवी नसणार. तेल होतं तिच्यावर. पोरीने स्वतः पुसून काढलं आणि मला शपथ घातली, बाबाला कळता कामा नये."

मला तर दोन्ही पिशव्या बांधलेल्या आठवतात.

संध्याकाळी नेलने गाडी आणून भिंतीशी लावली. सीटवर मीठ होतं. "रस्ता वाईट होता," म्हणाली. असणारच म्हणालो आणि बादली भरायला गेलो.